ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क : गोव्याच्या आर्चबिशपांची एक पदवी आणि तिच्यामागचं भांडण

मांडवीकाठ

गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल झाले. त्याआधीपासूनच त्यांच्या नावाला चार पदव्या लागलेल्या होत्या : गोवा आणि दमणचे आर्चबिशप, केरळातल्या क्रांगानोरचे नामधारी आर्चबिशप, पूर्वेचे प्रायमेट (म्हणजे त्या भागातल्या बिशपांत मानाने पहिले), आणि ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क (आर्चबिशपच्याही वरचा मान). पहिली सोडली तर बाकी तिन्ही पदव्यांना आज ना मुलूख आहे, ना हुकूम. तरीही त्या टिकून आहेत आणि प्रत्येकीमागे मोठा इतिहास आहे. त्यातली पॅट्रिआर्कपदाची गोष्ट मराठीत फारशी कुणी सांगत नाही. खरं तर या गोष्टीचा निम्मा भाग मुंबई, माहीम, वांद्रे आणि वसईत घडलेला आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात १५३३-३४ ची. पोप क्लेमेंट सातवे यांनी गोव्याला धर्मप्रांताचा दर्जा दिला आणि त्यांच्यानंतरचे पोप पॉल तिसरे यांनी १५३४ मध्ये त्याचा रीतसर फतवा काढला. हद्द कुठून कुठवर? आफ्रिकेच्या टोकापासून चीनपर्यंत! एका बिशपाकडे अर्धं जग. अर्थात हा मुलूख कागदावरचा होता. पहिले बिशप जुआंव दे आल्बुकेर्क १५३८ मध्ये गोव्यात पोचले तेव्हा त्यांचं खरं राज्य पोर्तुगीज गलबतं जिथे नांगर टाकत तिथवरच होतं. १५५८ मध्ये गोव्याचं आर्चबिशपपद झालं आणि कोची व मलाक्का त्याच्याखाली आले. पुढे मकाव, जपानमधलं फुनाय, आजच्या चेन्नईतलं मैलापूर अशी भर पडत गेली. 'पूर्वेचे प्रायमेट' हा मान याच काळातला.

या सगळ्याचा पाया होता पाद्रोआदो. पोपनी पोर्तुगालच्या राजाला सांगितलं : पूर्वेकडे चर्च बांधा, पाद्री पाठवा, खर्च तुम्ही करा, त्या बदल्यात बिशप कोण व्हावा हे तुम्ही सुचवा. सोळाव्या शतकात हा सौदा दोघांनाही परवडला. सतराव्या शतकात पोर्तुगालची ताकद ओसरली. मलाक्का, कोची, क्रांगानोर डचांनी घेतलं. बिशपपदं वर्षानुवर्षं रिकामी राहू लागली. त्यात १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला. रोमने नव्या राजाला मान्यता द्यायला जवळजवळ तीस वर्षं लावली आणि तोवर त्याने सुचवलेल्या बिशपांना मंजुरीच मिळेना. म्हणजे पोर्तुगाल नेमू शकत नव्हता आणि दुसऱ्या कुणाला नेमूही देत नव्हता.

रोमने यातून वाट काढली. १६२२ मध्ये प्रोपागांडा फिदे ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था निघाली होतीच. तिच्यातर्फे भारतात थेट पोपचे प्रतिनिधी, म्हणजे व्हिकार अपोस्तोलिक पाठवले जाऊ लागले. त्यांना 'मुंबईचे बिशप' किंवा 'विजापूरचे बिशप' म्हटलं असतं तर राजाच्या हक्कावर उघड गदा आली असती. म्हणून त्यांना आशिया मायनर, सीरिया, उत्तर आफ्रिका अशा ठिकाणच्या, केव्हाच लयाला गेलेल्या एखाद्या प्राचीन धर्मपीठाचं बिशप करायचं आणि काम मात्र भारतात करू द्यायचं. नामधारी बिशपपद ते हेच. मला या व्यवस्थेचं खरोखर कौतुक वाटतं. बिशपाचे सगळे धार्मिक अधिकार त्या माणसाला मिळतात आणि कागदावर कुणाची हद्दही ओलांडली जात नाही.

त्यानंतरची दोनशे वर्षं मात्र एकाच गावात दोन सत्ता. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले, रोमशी संबंध तुटले, आणि १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी 'मुल्ता प्रेक्लारे' काढून क्रांगानोर, कोची आणि मैलापूर इथला अधिकार व्हिकार अपोस्तोलिकांकडे दिला. गोव्याच्या पाद्रींनी तो मानला नाही. रोमचे लोक त्यांना फुटीर म्हणू लागले. १८५७ चा करार कागदावरच राहिला. शेवटी २३ जून १८८६ रोजी पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. ब्रिटिश भारतातला बहुतेक मुलूख रोमकडे गेला, मुंबई वेगळं आर्चबिशपपद झालं, आणि पोर्तुगालचा मान राहावा म्हणून गोव्याच्या आर्चबिशपांना 'ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क' करण्यात आलं. पहिले मानकरी आंतोनियु सेबास्तियांव व्हालेंत.

म्हणजे मुलूख गेला त्याच करारात पदवी आली. मला वाटतं, ही पदवी त्या गेलेल्या मुलखाचा मोबदला आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे.

विदर्भातला_वाचक

लेख आवडला. आमच्याकडे हा इतिहास कुणाच्या कानावरच येत नाही. एक प्राथमिक प्रश्न : पॅट्रिआर्क म्हणजे आर्चबिशपच्या वर ना? मग मुंबईच्या किंवा नागपूरच्या आर्चबिशपांना गोव्याचे पॅट्रिआर्क काही आदेश देऊ शकतात का?

मांडवीकाठ

नाही. पूर्वेकडच्या चर्चमध्ये, उदाहरणार्थ लेबनॉनच्या मॅरोनाइट चर्चमध्ये, पॅट्रिआर्क हा खरा प्रमुख असतो. तिथे धर्मसभा भरते आणि तिच्यासह तो चर्चचा कारभार चालवतो. लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे रोमच्या पाश्चात्त्य परंपरेतल्या कॅथलिक चर्चमध्ये, तसं नाही. व्हेनिसला १४५१ पासून पॅट्रिआर्क आहेत, लिस्बनला १७१६ पासून आहेत. शेजारच्या बिशपांवर त्यांची त्या नात्याने सत्ता नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचं ४३८ वं कलम स्पष्ट सांगतं की लॅटिन चर्चमध्ये पॅट्रिआर्क आणि प्रायमेट या पदव्या मानाच्या आहेत. एखाद्या ठिकाणी पोपनी दिलेला खास हक्क किंवा मान्य झालेली रूढी असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्यांतून कारभाराचा अधिकार मिळत नाही.

१८८६ च्या करारात मात्र गोव्याला एक हक्क दिला होता : ईस्ट इंडीजच्या राष्ट्रीय धर्मपरिषदांचं अध्यक्षपद, आणि या परिषदा सहसा गोव्यात भराव्यात अशी तरतूद. १५६७ ची पहिली प्रांतिक परिषद गोव्यातच झाली होती, त्या परंपरेचा हा धागा. पुढे भारतातल्या बिशपांचा कारभार वेगळ्या संस्थांमधून चालू लागला आणि त्या तरतुदीत काही उरलं नाही.

सुरुची_बाग

वसईहून लिहितेय. मांडवीकाठ, तुम्ही मुंबईचं नाव घेतलंत म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानंतर इथल्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. युरोपीय पाद्री निघून गेले. गोव्यातून आलेले देशी पाद्री राहिले आणि त्यांनी गावं सांभाळली. पेशवाई आली, गेली, इंग्रज आले. महसूल कुणाला द्यायचा ते बदललं, पण आमचा धर्मगुरू गोव्याच्याच आर्चबिशपांचा माणूस राहिला. १८८६ च्या करारात साष्टी आणि वसईचा हा भाग नव्या दमण धर्मप्रांतात गेला. हा धर्मप्रांतही पोर्तुगालच्या पाद्रोआदोखालचाच. म्हणजे १९२८ पर्यंत वसईतला ख्रिस्ती माणूस राज्याच्या दृष्टीने इंग्रजांचा आणि चर्चच्या दृष्टीने पोर्तुगीज बिशपांचा होता.

आमच्या घरी पणजोबांच्या पिढीबद्दल बोलताना 'दमणच्या बिशपांच्या वेळी' असं सहज येतं. लहानपणी मला वाटायचं दमण इथेच कुठेतरी जवळ असेल.

खाडीपल्याड

सुरुची_बाग यांच्याशी पूर्ण सहमत. मुंबई बेटावरची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची.

इंग्रजांना पोर्तुगीज पाद्रींचा संशय होता. १७२० मध्ये कंपनी सरकारने गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार मुंबईतून काढून कार्मेलाइट संघाच्या व्हिकार अपोस्तोलिकांकडे दिला. १७८९ मध्ये तो परत गोव्याकडे, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांकडे. १७९४ मध्ये सरकारने शेवटी चर्चच वाटून टाकली, काही इकडे, काही तिकडे. एकाच शहरात, एकाच धर्माची, एकाच पोपला मानणारी माणसं, आणि दोन बिशप! वांद्र्यात आजही सेंट अँड्र्यूज आणि सेंट पीटर्स ही चर्च जवळजवळ आहेत. पहिलं पाद्रोआदोचं, दुसरं प्रोपागांडाच्या बाजूने आलेल्या जेझुइट संघाच्या पाद्रींचं. आज दोन्हीकडे एकाच आर्चबिशपांचं पत्र वाचलं जातं, पण एका पिढीला कुठल्या चर्चमध्ये लग्न लावायचं हा घर फोडणारा प्रश्न होता.

माहीमच्या सेंट मायकल चर्चचा १८५३ चा प्रसंग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. व्हिकार अपोस्तोलिकांचं काम पाहणारे बिशप अनास्तासियुस हार्टमान, पदवीने देर्बेचे नामधारी बिशप. हे देर्बे म्हणजे बायबलमधलं, आजच्या तुर्कस्तानातलं. गावातल्या बहुसंख्य लोकांना चर्च गोव्याच्या बाजूला द्यायचं होतं. हार्टमान यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतलं आणि बाहेर लोकांनी वेढा घातला. प्राण गेला तरी चर्च सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी चर्च पाद्रोआदोकडेच गेलं. दर बुधवारी नोव्हेना या प्रार्थनेसाठी जिथे सर्व धर्मांच्या लोकांची रांग लागते, तेच हे चर्च. हार्टमान यांनीच १८५० मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक 'द एक्झामिनर' या नावाने मुंबईत अजून चालू आहे, हेही नमूद करायला हवं. ते हट्टी होते, पण कर्तबगार होते.

डिचोलीचा

मांडवीकाठ, व्हिकार अपोस्तोलिकांबद्दल लिहिलंत आणि मातेउश द काश्त्रु यांचं नाव घेतलं नाहीत, म्हणून मीच लिहितो. आमच्या डिचोलीशी त्यांचा संबंध आहे.

मातेउश दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घरातले. पाद्री व्हायची इच्छा होती, पण गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. हा माणूस मध्यपूर्वेतून वाट काढत १६२५ मध्ये थेट रोमला पोचला. प्रोपागांडाने त्यांना शिकवलं, पाद्री केलं. गोव्यात परतल्यावर त्यांची कागदपत्रं मानायला नकार. पुन्हा रोम. आणि १६३७ मध्ये रोमने त्यांना बिशपच करून टाकलं! पदवी क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप आणि काम आदिलशाही मुलखाचे व्हिकार अपोस्तोलिक. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप.

गोव्यात पोर्तुगीजांनी पाय ठेवू दिला नसता, म्हणून त्यांनी ठाणं केलं डिचोलीत. डिचोली तेव्हा आदिलशहाकडे होती. गोव्याच्या हद्दीला लागून आणि तरीही हद्दीबाहेर. तिथे बसून ते गोव्यातल्या देशी तरुणांना दीक्षा देत. गोव्याचे अधिकारी त्या दीक्षा खोट्या ठरवत. मातेउश गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मणांना उद्देशून 'एस्पेल्यु द ब्रामानिश' हे पोर्तुगीज राजवटीवर जळजळीत टीका करणारं लिखाण केलं. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर आदिलशहाशी आणि डचांशी संगनमत केल्याचा आरोप ठेवला. शेवटी ते रोमला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्यानंतर हे काम आलं कुस्तोदियु द पिन्यु यांच्याकडे. तेही गोव्याचेच, वेर्ण्याचे, आणि पदवी हिएरापोलिसची.

मला सांगायचं आहे ते हे, की नामधारी पदवीला पोकळ म्हणणाऱ्यांनी मातेउश यांच्याकडे पाहावं. क्रिसोपोलिसमध्ये त्यांचा एकही भाविक नव्हता. पण त्या पदवीमुळे दिवाडीचा एक माणूस गोव्याच्या गोऱ्या आर्चबिशपांच्या तोडीचा बिशप झाला, आणि ते बिशपपण कुणालाही काढून घेता आलं नाही.

मांडवीकाठ

डिचोलीचा, मनापासून आभार. मातेउश यांच्यावर खरं तर स्वतंत्र धागा हवा. एकच जोडतो : १६३७ मध्ये रोमने एका गोमंतकीयाला बिशप केलं. गोव्याच्या स्वतःच्या आर्चबिशपपदावर पहिला गोमंतकीय बसला १९७८ मध्ये, राउल निकोलाव गोन्साल्विस. मधली तीनशे चाळीस वर्षं पाद्री देशी होते, गावंच्या गावं देशी पाद्रींनी चालवली, वसईपासून श्रीलंकेपर्यंत चालवली, पण गोव्याची ती खुर्ची पोर्तुगालहून येणाऱ्यांचीच राहिली.

शिलालेख

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक तुलना मांडतो. ईस्ट इंडीजला जोडीदार आहे, वेस्ट इंडीज.

१५१३ मध्ये स्पेनचा राजा फर्डिनंड याने पोपकडे अमेरिकेतल्या मुलखासाठी पॅट्रिआर्क मागितला. रोमला धोका दिसला : समुद्रापलीकडे खराखुरा पॅट्रिआर्क बसला तर उद्या तो पोपनाच विचारेनासा होईल. १५२४ मध्ये सम्राट चार्ल्सच्या आग्रहावरून पोप क्लेमेंट सातवे यांनी वेस्ट इंडीजचं पॅट्रिआर्कपद दिलं, पण फक्त मानाचं. पहिले आंतोनियो दे रोखास मानरिके. अमेरिकेत या पॅट्रिआर्काला काही अधिकार नव्हता. अठराव्या शतकात, १७६२ पासून, हे पद स्पॅनिश सैन्याच्या धर्मप्रमुखाला जोडलं गेलं. शेवटचे मानकरी माद्रिदचे लेओपोल्दो एइखो इ गाराय १९६३ मध्ये वारले, आणि तेव्हापासून पद रिकामं आहे. रोमने ते कुणाला दिलेलं नाही.

१९६४ मध्ये तर रोमने कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया आणि अँटिओक इथली नामधारी लॅटिन पॅट्रिआर्कपदंही मोडीत काढली. धर्मयुद्धांच्या काळातल्या त्या पदव्या पूर्वेकडच्या चर्चना सलत होत्या. मग प्रश्न असा : वेस्ट इंडीजचं पद विझलं, कॉन्स्टँटिनोपलचं मोडलं, मग गोव्याचंच का टिकलं?

माझं उत्तर : गोव्याच्या पदवीखाली खरंखुरं, चालतं आर्चबिशपपद आहे. वेस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क स्पेनमध्ये राहत, वेस्ट इंडीजमध्ये त्यांचं एकही चर्च नव्हतं. गोव्याचे पॅट्रिआर्क गोव्यातच राहतात आणि तिथल्याच लोकांचे धर्मगुरू आहेत. पदवी एका जित्या खांद्यावर आहे, म्हणून टिकली.

तळकोकणी

शिलालेख, तुमचं उत्तर पटलं तरी माझी हरकत आहे. मी स्वतः कॅथलिक आहे, म्हणून घरातला माणूस म्हणून बोलतोय. 'ईस्ट इंडीज' हे कुणाच्या नजरेतलं नाव? लिस्बनमध्ये बसून नकाशा बघणाऱ्याच्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. तेव्हाच ही पदवी रोमला सन्मानाने परत करता आली असती. मूळ लेखातच म्हटलंय की ती पोर्तुगालची समजूत काढायला दिली होती. ज्याची समजूत काढायची तोच निघून गेला, मग आपण ती का वागवायची?

मांडवीकाठ

तळकोकणी, ही हरकत मोलाची आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

१९६१ मध्ये काय झालं ते आधी बघू. तेव्हाचे पॅट्रिआर्क जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ पोर्तुगीज. १९६२ मध्ये ते गोवा सोडून गेले, पण राजीनामा मंजूर झाला नाही. पोर्तुगाल गोव्याचं विलीनीकरण मानत नव्हता, आणि रोमलाही ही गाठ घाईने सोडवायची नव्हती. कारभार इथल्या प्रशासकांनी पाहिला, आधी फ्रान्सिस्कु द पियेदादे रेबेलु, १९७२ पासून राउल गोन्साल्विस. पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्याने भारताशी करार करून विलीनीकरण मान्य केलं, आणि १९७५ मध्ये आल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा मंजूर झाला. ३० जानेवारी १९७८ रोजी गोन्साल्विस आर्चबिशप झाले.

माझ्या मते पदवी टाकायची असती तर ती वेळ होती. रोमने टाकली नाही. त्याच क्षणी तिचा अर्थ बदलला. व्हालेंत यांच्यापासून आल्व्हेर्नाझ यांच्यापर्यंत पाच पॅट्रिआर्क झाले, पाचही पोर्तुगीज. १९७८ ला ती पदवी पहिल्यांदा इथल्या माणसाच्या नावाला लागली. जी पदवी पोर्तुगालसाठी बनवली, ती पोर्तुगाल गेल्यावर गोमंतकीयाला मिळाली. आता ती परत करा म्हणणं म्हणजे आपली पाळी आल्यावर पंगत उठवणं झालं.

तळकोकणी

तुमचा मुद्दा कळतो, आणि राउल गोन्साल्विस यांच्याबद्दल आमच्या घरातही आदर होता. तरी मी माझ्या मतावर आहे. नाव बदललं असतं तरी मान तोच राहिला असता.

विदर्भातला_वाचक

या दोन्ही बाजू वाचून डोक्यात आलं : कार्डिनल झाल्यावर पॅट्रिआर्क या पदवीचं वजन उरतं का? पोपची निवड तर कार्डिनलच करतात.

शिलालेख

दोन्ही पदं स्वतंत्र. पूर्वेकडच्या चर्चचा पॅट्रिआर्क कार्डिनल झाला तर तो कार्डिनल-बिशप या वरच्या श्रेणीत जातो. १९६५ पासून असा नियम आहे. लॅटिन पॅट्रिआर्कांना तो लागू नाही. म्हणून फेर्रांव कार्डिनल-प्रीस्ट झाले आणि प्रथेप्रमाणे रोममधलं एक चर्च त्यांच्या नावावर आलं, सांता मारिया इन व्हिया. म्हणजे आणखी एक मानाचं नातं.

पण खरं काम निवडून येण्यातून आलं. आशियातल्या बिशप परिषदांच्या महासंघाचे अध्यक्ष म्हणून १ जानेवारी २०२५ पासून त्यांनी सूत्रं घेतली. मे २०२५ मध्ये पोपच्या निवडणुकीत मत देणाऱ्या चार भारतीय कार्डिनलांपैकी ते एक. त्यात निवडून आलेल्या पोपनी नाव घेतलं लिओ चौदावे. आणि पॅट्रिआर्कपद निर्माण करणारे होते लिओ तेरावे.

खाडीपल्याड

१९२८ चा उल्लेख वर आलाय, तो पूर्ण करतो. त्या वर्षीच्या करारात दमण धर्मप्रांत बरखास्त झाला. साष्टी, वसई वगैरे मुंबईला मिळाली, दमण गोव्याला जोडलं गेलं. म्हणून 'गोवा आणि दमणचे आर्चबिशप'. दमणच्या बिशपांना १८८६ पासून क्रांगानोरचे नामधारी आर्चबिशप हा मान होता, तोही गोव्याकडे आला. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर, संत थॉमस जिथे उतरले असं मानतात ते. वर धागाकर्त्याने सांगितलेल्या चार पदव्यांचा हिशेब इथे लागतो.

त्याच करारात ठरलं की मुंबईचे आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असतील. आधी पोर्तुगीज जेझुइट जुआकिम लिमा आले, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. ही पद्धत भारतीय माणसाची वाट अडवते आहे, हे रॉबर्ट्स यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी स्वतः बाजूला होऊन कारभार सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस यांच्यावर सोपवला. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला, ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. रॉबर्ट्स यांना रोमने सुग्देआचे नामधारी आर्चबिशप केलं. क्रिमियातलं हे प्राचीन धर्मपीठ. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सगळ्यात उमदा माणूस हाच. खुर्ची असताना ती सोडली आणि उरलेलं आयुष्य एका लुप्त पीठाच्या नावावर काढलं.

सुरुची_बाग

रॉबर्ट्स यांच्याबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या वसईला १९९८ मध्ये स्वतःचा धर्मप्रांत मिळाला, पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांच्यानंतरचे फेलिक्स मच्याडो हे आर्चबिशप म्हणवले जात, पण वसई आर्चबिशपपद नाही. तो मान त्यांचा वैयक्तिक होता. पुष्कळ लोक गोंधळत. या धाग्यामुळे असे मान कसे चालतात ते घरच्यांना समजावता येईल.

तळकोकणी

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, ती आमच्या भागाची आहे म्हणून लिहितो.

विसाव्या शतकातही मकाव आणि तिमोरमधलं दिली हे धर्मप्रांत गोव्याखाली होते. १९५३ मध्ये बेळगाव वेगळं झालं, गोव्याचा पोर्तुगीज हद्दीबाहेरचा भाग त्यात गेला. पुढे मकाव आणि दिलीही सुटले. मग कित्येक वर्षं पॅट्रिआर्कांच्या हाताखाली एकही धर्मप्रांत नव्हता. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग वेगळा काढला गेला : सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे. पहिले बिशप आल्विन बार्रेटो. २५ नोव्हेंबर २००६ रोजी गोवा पुन्हा प्रांताचं मुख्य पीठ झालं आणि सिंधुदुर्ग त्याच्याखाली आला.

म्हणजे ज्यांची पदवी साऱ्या ईस्ट इंडीजची, त्यांच्या प्रांतात गोवा सोडून आज एकच धर्मप्रांत आहे, आणि तो आमचा, महाराष्ट्रातला. सावंतवाडीकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतही होते आणि कोंकणीतही. पदवीबद्दल माझी हरकत कायम आहे. पण गोव्याच्या आर्चबिशपांशी आमचं हे नातं मानाचं नाही, कामाचं आहे, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मांडवीकाठ

तळकोकणी, हे माझ्या लेखातच यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. मातेउश द काश्त्रु यांच्यावर डिचोलीचा यांनी धागा काढावा अशी विनंती करतो. कुस्तोदियु द पिन्यु यांच्याबद्दल माझ्याकडे जे टिपण आहे ते मी तिथे टाकेन.

डिचोलीचा

काढतो. गणपतीनंतर, सवडीने लिहीन.